जखम भरली, बाबा गेले: डायबिटीसचे पाय तपासणाऱ्या डॉक्टरांना खुलं पत्र

डॉक्टर, नमस्कार.

हे पत्र कोणा एका डॉक्टरांना नाहीये. डायबिटीसच्या पेशंटचा पाय ज्यांच्यासमोरच्या स्टुलावर ठेवला जातो त्या सगळ्यांना आहे, मग ते फॅमिली डॉक्टर असोत, शुगरचे स्पेशालिस्ट असोत, सर्जन असोत की रोज ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर आणि ब्रदर. आणि हे भांडणाचं पत्र पण नाहीये. बाबांच्या पायावर ज्यांनी ज्यांनी काम केलं त्यांनी मनापासून केलं, जखम खरंच भरली, ते श्रेय त्यांचंच आहे. मला जे सांगायचंय ते जखम भरल्यानंतरचं आहे, आणि खरं म्हणजे जखम झाली त्या पहिल्या दिवसाचं आहे, कारण त्या दिवशी एक गोष्ट आम्हाला कोणीतरी सांगायला हवी होती आणि पुढच्या चौदा महिन्यांत ती कोणीच सांगितली नाही.

आमच्या घरी एक वही आहे, बाबांच्या पायाची वही. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, चवड्याखाली, आधी नुसता एक जाड घट्टा होता, कित्येक महिने होता, दुखत नव्हता म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. मग एक दिवस मोज्याला रक्त दिसलं आणि बघितलं तर घट्ट्याच्या आत भोक पडलेलं. बुटात एक बारीक खडा सापडला. बाबा दिवसभर तो खडा पायाखाली घेऊन फिरले होते आणि त्यांना काहीही कळलं नव्हतं. त्या दिवसापासून मी वही सुरू केली. तारीख, जखमेची लांबी, रुंदी, पू आहे का, वास येतो का, उपाशीपोटीची शुगर, जेवणानंतरची शुगर. पट्टी घेऊन मिलिमीटरमध्ये मोजायचे मी. एक मिलिमीटर कमी झाला की आईला हाक मारून सांगायचे. तपासायला गेलो की डॉक्टर वही बघायचे, म्हणायचे, छान ठेवलीये, अशीच ठेवा.

चौदा महिन्यांनी जखम पूर्ण बंद झाली. वहीत मी त्या तारखेपुढे मोठ्या अक्षरात "बंद" लिहून खाली दोन रेघा मारल्यात. त्यानंतर साडेचार महिन्यांनी, पहाटे, झोपेतच, बाबा गेले. कागदावर कारण हृदयाचं आलं. पायाचा उल्लेख कुठेच नाही, आणि आम्हीसुद्धा भेटायला येणाऱ्यांना हेच सांगत राहिलो की बघा ना, पाय इतका छान बरा झाला होता आणि अचानक हे काहीतरी वेगळंच झालं.

वेगळं नव्हतं डॉक्टर. हे मला नंतर कळलं आणि ज्या पद्धतीने कळलं ते मला अजून सहन होत नाही. रात्री झोप यायची नाही म्हणून मी वाचत बसायचे आणि वाचता वाचता एक आकडा समोर आला. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२० साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला. डायबिटीसमुळे पायाला अल्सर, म्हणजे बाबांसारखी उघडी जखम, झालेल्या लोकांपैकी पाच वर्षांत मृत्यू पावणाऱ्यांचं प्रमाण साधारण ३०.५ टक्के. आणि सगळ्या प्रकारचे कॅन्सर एकत्र धरले तर तेच प्रमाण ३१ टक्के. म्हणजे जवळजवळ सारखंच. स्तनाच्या कॅन्सरचं तर त्यात ९ टक्के दिलंय, पायाच्या जखमेपेक्षा कितीतरी कमी. मी ती ओळ परत परत वाचली. कॅन्सर म्हटल्यावर सगळं घर हलतं, लांबचे नातेवाईक येऊन बसतात, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतलं जातं, आणि पायाची जखम म्हटल्यावर आमच्याकडे सगळ्यांनी सांगितलं की शुगर सांभाळा, भरेल हळूहळू. आम्हीही तेच धरून चाललो.

आता कोणी म्हणेल की अल्सर होणारे लोक मुळात वयस्कर असतात, शुगर जुनी असते, मग मृत्यू जास्त दिसणारच. मलाही तसंच वाटलं होतं. पण ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या रेकॉर्डवरून केलेला २०१६ चा एक मोठा अभ्यास आहे, त्यात अल्सर झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात ५ टक्के आणि पाच वर्षांत ४२ टक्के लोक गेले, आणि वय वगैरे इतर गोष्टींचा हिशोब करूनसुद्धा, डायबिटीस आहे पण अल्सर नाही अशा लोकांच्या तुलनेत मृत्यूचा धोका जवळपास अडीच पट निघाला. देशोदेशी आकडे वेगवेगळे येतात, उपचार वेगळे, माणसं वेगळी, पण कुठेही हा धोका किरकोळ आहे असं निघत नाही. आणि हे मोजक्या लोकांचं दुखणं पण नाही, जगभरात वर्षाला साधारण १ कोटी ८६ लाख लोकांना असा अल्सर होतो असा अंदाज आहे.

मग हे लोक जातात कशाने? जखमेतलं इन्फेक्शन रक्तात पसरून जाणारे असतातच, ते तुम्ही डोळ्यांनी बघता, त्याची भीती आम्हालाही घातली जाते आणि ते योग्यच आहे. पण सगळ्यात जास्त मृत्यू हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने होतात. पाय बरा झालेला असतानासुद्धा. इथे मला एक शब्द तुमच्यासमोर ठेवायचाय, तो म्हणजे "नस". आमच्या बोलण्यात नस म्हणजे सगळंच. ज्यातून रक्त जातं ती पण नस आणि ज्यातून मुंग्या येतात, संवेदना जाते ती पण नस. बाबांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की "शुगरमुळे पायाच्या नसा खराब झाल्यात." आम्ही मान डोलावली. काय समजलो आम्ही? आई समजली की रक्त कमी पोचतंय म्हणून मालिश करायला पाहिजे. दादा समजला की बधिरपणा आहे, व्हिटॅमिनच्या गोळ्या आहेत ना त्याला. मी काहीच समजले नाही आणि विचारलं पण नाही. खरं तर त्या एका वाक्यात दोन वेगवेगळे आजार होते आणि दोन्ही पायापुरते नव्हते, दोन्ही वर छातीपर्यंत गेलेले होते.

एक, रक्तवाहिन्या. पायाला अल्सर झालेल्या साधारण निम्म्या लोकांच्या पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या असतात, युरोपातल्या चौदा सेंटरच्या अभ्यासात हे निघालं होतं. आता पायाची धमनी आणि हृदयाची धमनी काय वेगळ्या कंपनीच्या असतात का, एकाच शरीरातल्या, तेच रक्त, तीच शुगर, तेच कोलेस्टेरॉल, तेच बीपी, वर्षानुवर्षं दोन्हीकडून गेलेलं. पायाकडची बारीक झालीये म्हटल्यावर हृदयाकडची आणि मेंदूकडची कशी आहे हा प्रश्न लगेच यायला हवा. किडनीचं पण तेच, ज्यांचा पाय असा होतो त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची किडनी पण आधीच थकलेली असते, आणि किडनी थकली की हृदयावरचा भार आणखी वाढतो.

दोन, संवेदनेच्या नसा. बाबांना खडा कळला नाही कारण पायाच्या मज्जातंतूंची वाट लागली होती. पण डायबिटीस फक्त पायाचेच मज्जातंतू खातो असं नाही ना, हृदयाचे ठोके, बीपी सांभाळणारे जे आतले तंतू असतात ते पण खराब होऊ शकतात, आणि मग हृदयाला रक्त कमी पडत असलं तरी छातीत कळ येतेच असं नाही. हे वाचलं तेव्हा मी वही मिटून ठेवली आणि खूप वेळ नुसती बसून राहिले. कारण जखम भरत आली होती त्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत बाबा जिना चढताना मध्ये थांबायचे. दम लागतो म्हणायचे. आम्ही म्हणायचो, वर्षभर पाय वर ठेवून बसून होतात, सवय गेली चालायची, येईल हळूहळू. छातीत दुखतं का असं एकदा मीच विचारलं होतं, ते म्हणाले अजिबात नाही, आणि मी निर्धास्त झाले. ज्या माणसाला तळव्यात घुसलेला खडा कळत नाही त्याला छातीतलं दुखणं कळेलच असं मी कशावरून धरलं? पण मी डॉक्टर नाही. मला हे माहीत असणं शक्य नव्हतं. तुम्हाला माहीत होतं.

हे जरा कडक झालं, पण खोडत नाही.

चौदा महिन्यांत आम्ही किती वेळा आलो असू, साठ-सत्तर वेळा तरी. दर वेळी पट्टी सोडली गेली, मेलेली कातडी काढली गेली, धुतलं, नवी पट्टी बांधली, शुगरचा कागद बघितला. सुरुवातीला एक्स-रे काढला हाडात इन्फेक्शन गेलंय का बघायला, नायलॉनचा तो तंतू टोचून संवेदना बघितली, हे सगळं बरोबर होतं. पण ईसीजी एकदाही नाही. बीपी कधीतरी. कोलेस्टेरॉलची गोळी बाबांनी मध्येच बंद केली होती कारण गोळ्या खूप झाल्या होत्या आणि त्यांना वाटलं अँटिबायोटिक चालू आहे तोवर बाकीच्या कशाला, ते कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. पाय सर्जनकडे, शुगर दुसऱ्यांकडे, आणि हृदय कोणाकडेच नाही, कारण हृदयाची तक्रारच नव्हती. प्रत्येकाने आपापला भाग बघितला आणि अख्खा माणूस बघायचं काम कोणाचं हे ठरलेलंच नव्हतं.

आणि हे टाळता येण्यासारखं असतं का, की आकडाच असा आहे म्हटल्यावर हात जोडून बसायचं? हेच मला तुम्हाला सगळ्यात जास्त सांगायचंय. एडिंबरामध्ये एका फूट क्लिनिकने २००१ पासून असं ठरवलं की पायाला अल्सर घेऊन जो कोणी येईल त्याच्या हृदयाच्या धोक्याची तपासणी तिथेच करायची आणि त्याप्रमाणे ॲस्पिरिन, स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, बीपीची औषधं जी लागतील ती जोरात चालू करायची. २००८ मध्ये त्यांनी आपला हिशोब छापला. आधीच्या पेशंटमध्ये पाच वर्षांत ४८ टक्के मृत्यू होते, नंतरच्या पेशंटमध्ये २६.८ टक्के. ज्यांच्या पायाला रक्त नीट पोचत होतं, नुसता बधिरपणा होता, त्यांच्यातही फरक पडला आणि ज्यांचा रक्तपुरवठा कमी होता त्यांच्यातही पडला. मान्य आहे की ही आधीची आणि नंतरची तुलना आहे, मधल्या काळात इतर उपचारही सुधारले असतील, सगळं श्रेय त्या एका निर्णयाला देता येणार नाही. पण यातली कुठली औषधं नवीन आहेत? कुठली मिळत नाहीत? एकही नाही. फक्त पायाच्या खोलीत बसून हृदयाचा विचार करायचा होता. कोणाला कुठली गोळी झेपेल ते तुम्हीच ठरवायचं, मी कोणाच्या औषधात बोलत नाही. पण तो विचार पहिल्याच दिवशी व्हावा एवढं मागायचा हक्क आम्हाला आहे असं मला वाटतं.

जखम भरल्यानंतरचं पण बोलायचंय. नॉर्वेमधल्या एका जिल्ह्यात लोकांना दहा वर्षं बघत राहून केलेला अभ्यास २००९ मध्ये आला. त्यात ज्यांना डायबिटीस आहे आणि आयुष्यात कधीतरी पायाला अल्सर होऊन गेलाय त्यांच्यातले ४९ टक्के लोक दहा वर्षांत गेले, डायबिटीस आहे पण अल्सर कधीच नाही झाला त्यांच्यातले ३५.२ टक्के, आणि डायबिटीसच नाही त्यांच्यातले १०.५ टक्के. "होऊन गेलाय" हा शब्द बघा डॉक्टर. म्हणजे त्या दिवशी पाय उघडा असायलाच हवा असं नाही, जखम बंद होऊन वर्षं झाली असतील तरी तो माणूस धोक्याच्या गटातच असतो. शिवाय भरलेली जखम परत उघडण्याचं प्रमाणसुद्धा एका वर्षात साधारण ४० टक्के आहे. आणि आम्हाला मात्र शेवटच्या दिवशी काय सांगितलं गेलं, तर "अभिनंदन, आता यायची गरज नाही, काही वाटलं तर या." आम्ही पण आनंदाने घरी गेलो. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये तर लिहिलंय की ज्याला एकदा अल्सर होऊन गेला त्याचे पाय दर एक ते तीन महिन्यांनी तपासायचे. त्या साडेचार महिन्यांत आमची किमान एक फेरी झाली असती. त्या फेरीत कोणीतरी विचारलं असतं, काका, जिना चढताना कसं वाटतं? कदाचित काही बदललं नसतं. कदाचित बदललं असतं. हा कदाचित घेऊन आई रोज झोपते.

पाय कापण्याबद्दलही लिहिते कारण त्याबद्दल घराघरांत फार चुकीचं बोललं जातं. त्याच २०२० च्या अभ्यासात बोट किंवा पावलाचा भाग काढावा लागलेल्यांमध्ये पाच वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण ४६.२ टक्के आणि घोट्याच्या वरून पाय काढावा लागलेल्यांमध्ये ५६.६ टक्के आहे. हे लोकांना आकड्यात माहीत नसतं पण अनुभवाने माहीत असतं, म्हणून "पाय कापला की माणूस फार दिवस राहत नाही" असं म्हणतात, आणि मग सडलेलं बोट काढायला नकार देतात, दिवस घालवतात, आणि इन्फेक्शन रक्तात जाऊन माणूस त्यानेच जातो. ड्रेसिंगच्या रांगेत आमच्या शेजारी बसणाऱ्या एका काकूंच्या घरी हेच झालं. इथे तुम्ही आम्हाला समजावून सांगायला हवं की ज्यांच्यावर पाय काढायची वेळ येते त्यांचा रक्तवाहिन्यांचा आजार, किडनीचा आजार आधीच फार पुढे गेलेला असतो, हा मृत्यूचा आकडा मुख्यतः त्या आजारांचा आहे, ऑपरेशन टाळून तो कमी होत नाही. ऑपरेशन वेळेवर करा आणि त्यासोबत हृदयाकडेही बघा, असं दोन्ही एकदम सांगितलं तर माणसं ऐकतात हो. अर्धं सांगितलं की घाबरतात.

मला माहितीये तुम्ही का सांगत नाही. पेशंट घाबरेल, आशा सोडेल, घरचे हवालदिल होतील, आणि बाहेर अजून वीस जण बसलेत. पण गप्प राहण्यानेही माणूस खचतो, ते मी घरात बघितलंय. बाबा हळूहळू बोलायचे बंद झाले होते. पाय खाली ठेवायचा नाही, बाहेर जायचं नाही, कोणाकडे कार्यक्रमाला जायचं नाही, वास येईल म्हणून कोणी आलं तरी आत जाऊन बसायचं. आम्हाला वाटायचं कंटाळलेत. लंडनमध्ये पहिल्यांदाच अल्सर झालेल्या २५३ लोकांचा अभ्यास झाला होता, २००७ मध्ये छापलेला, त्यात जवळपास एक तृतीयांश लोकांना डिप्रेशन होतं आणि दीड वर्षाच्या आत मृत्यूचा धोका डिप्रेशन असलेल्यांमध्ये सुमारे तिप्पट दिसला. डिप्रेशनवर उपचार केले तर तो धोका कमी होतो असं त्या अभ्यासाने सिद्ध केलेलं नाही, मी तसं म्हणत पण नाही. पण चौदा महिन्यांत बाबांना एकानेही, मी धरून, "मनाने कसे आहात" असं विचारलं नाही. सगळ्यांनी फक्त "पाय कसा आहे" विचारलं.

सांगायचं कसं, तर माझ्या मते सरळ सांगायचं. टक्केवारी पहिल्याच दिवशी तोंडावर फेकायची गरज नाही. असं म्हणा की काका, ही जखम आपण भरून काढूच, पण ही जखम झाली म्हणजे शरीरातल्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दोन्हीवर शुगरचा परिणाम झालाय, आणि ते हृदयात आणि किडनीतही झालेलं असू शकतं, त्यामुळे आजपासून आपण पायाएवढंच हृदयाकडे पण लक्ष द्यायचं, दम लागला, पायावर सूज आली, घाम सुटला, एकदम थकवा आला तर छातीत दुखायची वाट न बघता लगेच सांगायचं. एक मिनिट लागत नाही एवढं बोलायला. घरातल्या माणसाला पण आत बोलवून सांगा कारण पेशंट अर्धं घरी सांगतच नाही. आणि "नसा" म्हणाल तेव्हा कुठल्या नसा ते सांगा, रक्ताच्या की संवेदनेच्या.

मग बाकीचं तुम्ही जाणताच. ईसीजी, बीपी, कोलेस्टेरॉल, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन, लागलं तर पुढची हृदयाची तपासणी. पायाची नाडी हाताने बघणं, आणि नुसत्या घोट्याला मोजलेल्या रक्ताच्या प्रेशरवर विसंबून न राहणं कारण डायबिटीसमध्ये धमन्या कडक झाल्या की ते प्रेशर खोटंच चांगलं येतं, पायाच्या बोटाचं प्रेशर जास्त खरं सांगतं. सिगारेट ओढतो का हे विचारून तिथेच न थांबता सोडायला मदत करणं. आणि उशीर न करणं. ब्रिटनमधल्या सूचनांप्रमाणे पायाला नवीन अल्सर दिसला की एका कामाच्या दिवसाच्या आत पेशंट पायाच्या टीमकडे पाठवायचा असतो, एका दिवसाच्या आत. आम्ही पहिल्या ठिकाणी तीन आठवडे नुसतं मलम लावत होतो.

ब्रिटनमधलीच अजून एक गोष्ट मला फार भावली. इंग्लंड आणि वेल्समध्ये डायबिटीसच्या पायांचा जो राष्ट्रीय हिशोब ठेवतात त्यात बारा आठवड्यांनी पेशंट कसा आहे हे मोजताना नुसती जखम भरली का असं मोजत नाहीत. जिवंत आहे आणि जखम नाहीये, अशी दोन्ही मिळून एक नोंद करतात. इतकं साधं आहे ते, पण माझ्या वहीत ते नव्हतं आणि तुमच्या केसपेपरवरही नव्हतं. माझी वही बघून सगळ्यांनी शाबासकी दिली, पण यात बीपी का नाही लिहीत, दम लागतो का ते का नाही लिहीत असं कोणी म्हणालं असतं तर मी लिहिलं असतं. मी काहीही लिहिलं असतं हो. मी मिलिमीटर लिहीत होते.

आता हे पत्र आत्ताच का लिहितेय ते सांगते. माझ्या आत्याला, बाबांच्या सख्ख्या बहिणीला, वीस वर्षांपासून शुगर आहे. गेल्या आठवड्यात तिच्या डाव्या टाचेला भेग पडून त्यातून पाणी यायला लागलं, दुखत नाहीये असं तीच हसत हसत सांगत होती. मी तिला परवा घेऊन येतेय, तुमच्यापैकी कोणाकडे तरी. नवीन वही केलीये. लांबी, रुंदी, पू, शुगर हे रकाने आहेतच, त्यांच्या आधी बीपी, दम, सूज, झोप आणि मन असे पाच रकाने आखलेत. शेवटचं पान ईसीजी चिकटवायला कोरं सोडलंय. आत्याला मी सगळं सांगितलंय, आकड्यासकट. ती घाबरली, थोडा वेळ रडली, मग म्हणाली की दादाला, म्हणजे बाबांना, हे कळलं असतं तर त्याने ती गोळी बंद केली नसती.

आम्ही परवा सकाळी येतो. पट्टी सोडायच्या आधी पाच मिनिटं द्या.

एका पेशंटची मुलगी, आणि आता एका पेशंटची भाची